बरगे आणि चर

गेल्या शनिवारी गावी जाऊन आलो. कोल्हापुरातून हातकणंगले, जयसिंगपूर आणि तिथून शिरोळच्या अंगाला वळलं की तास-सव्वा तासात आमचं गाव. पुण्याच्या कंपनीचं काम कोल्हापुरात घरी बसून करायला लागल्यापासून महिन्यातनं एक फेरी होतेच. आण्णांच्या (माझे थोरले चुलते) शेजारी कट्ट्यावर बसायचं, वैनीच्या हातची भाकरी खायची आणि येताना डिकीत वांगी-कोथिंबीर भरून आणायची, असा आपला साधा कार्यक्रम. या वेळी मात्र दादानं जेवायच्या आधीच गाडीवर बसवलं आणि खालच्या रानात नेलं.

"बग," म्हणाला.

लांबून बघितलं तर कुणीतरी रानात चुन्याची गोणी फोडलीय असं वाटावं. जवळ गेल्यावर सरीच्या वरंब्यावर पांढरी पापडी. मी बोटानं खरवडून जिभेवर ठेवली. खारट! मधेमधे उसाचे चार-चार कोंब, बाकी सगळं मोकळं. ऊस लावलेला होता हे सरीवरनं ओळखायचं, उसावरनं नव्हे.

हे आमचं साडेतीन एकराचं नदीकडचं रान. मी शाळेत असताना या रानाला एकरी पन्नास-पंचावन्न टन पडायचा. गावात पाहुणा आला की आण्णा त्याला मुद्दाम तिकडं फिरवून आणायचे. गेल्या हंगामात त्याच रानानं एकरी अठरा टन दिला आणि खालचा एक तुकडा तर आता पडच टाकलाय. दादा म्हणाला, "इकायचं म्हटलं तरी गिऱ्हाईक न्हाई गा. मीठ कोण इकत घेतंय?"

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून आजचा लेख.

पाण्याची गोष्ट निघाली की आपण कोल्हापूरकर जरा ताठ होतो. दुष्काळ म्हणजे जत-आटपाडीचा, माण-खटावचा. आपल्याकडं काय, पंचगंगा आहे! आणि ताठ व्हायला कारणही आहे. शाहू महाराजांनी १९०२ साली संस्थानाचं पाटबंधारे धोरण ठरवलं आणि १९०८ च्या सुमारास भोगावतीवर फेजिवड्याजवळ राधानगरी धरणाचं काम काढलं. महाराज १९२२ साली गेले आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्य उजाडून गेलं, पण कल्पना त्यांची. पाणी वाढलं की आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे बघायला आजही पावसाळ्यात लोक जातात.

पण मला त्या धरणापेक्षा त्याच्या खालची व्यवस्था जास्त आवडते. धरणातलं पाणी शेतापर्यंत न्यायचं म्हणजे कालवा खणायचा, ही सगळीकडची रीत. राधानगरीचं पाणी मात्र सरळ नदीत सोडतात. नदी हाच कालवा. आणि त्या नदीवर ठिकठिकाणी बंधारे. पात्रात दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे. पावसाळा सरला की बरगे घालायचे आणि पाणी तुंबवायचं, पावसाळ्याच्या तोंडावर काढायचे आणि पुराला वाट मोकळी करून द्यायची. गाळसुद्धा पुराबरोबर निघून जातो. उभ्या महाराष्ट्रात याला 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणतात. चपलेनंतर आणि मिसळीआधी आपलं नाव कशाला लागलं असेल तर या बंधाऱ्याला :-)

मग बंधाऱ्यात तुंबलेलं पाणी वर उचलायचं. त्यासाठी गावोगावी सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या. पाच-पन्नास शेतकऱ्यांनी भागभांडवल घातलं, जिल्हा बँकेनं कर्ज दिलं, नदीकाठी जॅकवेल, वर मोटरघर, तिथनं दोन-चार किलोमीटर पाइपलाइन. पाळ्या ठरवायला पाटकरी. भांडणं मिटवायला चेअरमन. (आणि भांडणं लावायला व्हाइस चेअरमन.) सरकारची वाट न बघता लोकांनी कोट्यवधींच्या योजना स्वतःच्या जमिनी तारण ठेवून उभ्या केल्या. वीज दरवाढीविरुद्ध एन. डी. पाटील सरांच्या मागं जे इरिगेशन फेडरेशनवाले रस्त्यावर यायचे ते हेच लोक. मला याचा मनापासून अभिमान आहे. आमच्या आण्णांचंही नाव गावातल्या संस्थेच्या पहिल्या सभासदांत आहे.

हे सगळं पाणी शेतात आणण्याबद्दल झालं. शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर काढायला आपण काय केलं? काही नाही.

आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. प्रोग्रॅम मेमरी मागून घेतो, काम झालं की परत करायला विसरतो. पहिले काही तास सगळं झकास चालतं. टेस्टिंगमध्ये सापडत नाही, डेमोत तर मुळीच नाही. मग एके दिवशी मध्यरात्री सर्व्हर बसतो आणि लॉग बघितला तर शेवटची नोंद अगदी निरागस असते. जमिनीचंही तसंच आहे, फक्त इथं सर्व्हर बसायला तीस-चाळीस वर्षं लागतात.

होतं काय ते सांगतो. शिरोळची जमीन काळी, खोल, चिकट. पाणी धरून ठेवणारी. ज्वारी, तंबाखूच्या काळात हेच तिचं मोठेपण होतं, कारण आमच्याकडं पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर. (त्याच जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजारांच्या वर! एक जिल्हा म्हणायचं झालं.) त्या जमिनीला उसासाठी बारमाही पाटपाणी सुरू झालं. पिकाला लागतं त्याच्या कितीतरी जास्त पाणी सरीतनं मुरत गेलं. खालची पाणीपातळी वर्षाला थोडीथोडी वर चढली. ती मुळांच्या जवळ आली की पुढचं काम ऊनच करतं. दिव्याच्या वातीतनं तेल चढावं तसं पाणी मातीतनं वर येतं, वरचं पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार तिथंच राहतात. वर्षानुवर्षं. आधी उगवण विरळ होते, मग पानं करपतात, मग पापडी दिसते. पापडी दिसली की लोक म्हणतात रान 'बिघडलं'. ते बिघडायला लागलेलं असतं आपण चौथीत असताना.

बरं, हे काही नवीन नाही. नीरा डाव्या कालव्यावर उसाखालच्या जमिनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच खारवायला लागल्या होत्या आणि त्या काळच्या इंजिनिअरांनी तिथं निचऱ्याचे चर खणून प्रयोग केले होते. त्याहून मागं जायचं तर सुमेरियातल्या लोकांनी चार-पाच हजार वर्षांपूर्वी हेच केलं. कालव्याचं पाणी, खारवलेली जमीन, मग गहू सोडून खारट जमिनीत तग धरणारा बार्लीचा आधार. एवढ्या जुन्या बगची पॅच आपल्याकडं अजून कशी पोचली नाही म्हणतो मी!

आता इथं शहरातले मित्र लगेच म्हणतील (म्हणालेच, परवा रंकाळ्यावर), की शेतकऱ्याला अक्कल नाही, ऊस सोडून दुसरं काही दिसत नाही, पाणी म्हणजे फुकटचं असं समजतो. मलाही दोन वर्षांपूर्वी साधारण असंच वाटत होतं. म्हणून मी एक उद्योग केला. जमिनीतला ओलावा मोजणारे चार सेन्सर आणले, एक छोटा बोर्ड, त्यात सिमकार्ड, आणि मोबाइलवर आलेख दिसेल असं ॲप. दोन रविवार घालवून खालच्या आणि वरच्या रानात बसवले. आलेख सुंदर यायचा. निळी रेघ वर असली की जमीन ओली, पाणी नको. मी दादाला फोन करून सांगायचो, या पाळीला पाणी देऊ नको, अजून आठ-दहा दिवस चालतंय.

तिसऱ्या फोनला आण्णांनी फोन घेतला. "व्हय रं बाबा, तुजी रेघ म्हंतीया पानी नगो. पर ही पाळी सोडली तर म्होरली पाळी बावीस दिसांनी. तवर मोटर जळली, न्हाईतर डीपी उडाला, तर चाळीस दिस. मग तुजी रेघ ऊस जगवणार हाय का?"

मी गप्प बसलो. आण्णांचं गणित चोख होतं. पाणी केव्हा मिळेल याची खात्री नसेल तर मिळेल तेव्हा पोटभर पाजून ठेवणं हा मूर्खपणा नव्हे, तो विमा आहे. त्यात संस्थेची पाणीपट्टी एकरावर. कमी पाणी घेतलं म्हणून पैसे कमी होत नाहीत. त्यात वीज आठ तास, तीही एक आठवडा दिवसा नि एक आठवडा रात्री. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, सापा-किरडाची भीती धरून रानात गेलेला माणूस सरी भरली का हे तासातासाला बघत बसेल, की दारं सोडून मोटरघरात आडवा होईल? २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्य सरकारनं वीजही मोफत केली. म्हणजे ज्यांची स्वतःची मोटर आहे त्यांना बंद करायचं उरलंसुरलं कारणही गेलं.

आणि ऊसच का, तर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा असलेलं, ठरलेला दर असलेलं, गावात येऊन तोडून नेतात असं दुसरं पीक दाखवा. टोमॅटो रस्त्यावर ओतलेला मी डोळ्यांनी बघितलाय, ऊस ओतलेला नाही. शिवाय नदीकाठाला पूर. २०१९ आणि २०२१ ला आमचं खालचं रान आठवडाभर पाण्याखाली होतं. सोयाबीन, भुईमूग दोन दिवसांत कुजले. ज्या उसाचा शेंडा पाण्यावर होता तो निम्मा-अर्धा तरी हाताला लागला. शेतकरी चुकतोय असं म्हणण्याआधी त्याच्या जागी उभं राहून हिशेब करावा एवढंच.

त्यामुळं 'ऊस बंद करा' हा सल्ला मी देणार नाही. विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली, तिथं पाणी जमिनीवर नव्हे तर घरातल्या माणसांवर वाटलं, भूमिहीनालाही वाटा दिला आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही असा नियमच केला. हिवरे बाजारलाही ऊस नाही. ही माणसं थोर आहेत यात वाद नाही. पण तिथं पाण्याची टंचाई होती आणि टंचाईत माणसं नियम मान्य करतात. आमच्याकडं नदी भरून वाहतेय, दहा कारखान्यांच्या चिमण्या दिसतायत, तिथं हा नियम सांगणाऱ्याला ग्रामसभेत चहा पण मिळणार नाही. आमचा आजार तुटवड्याचा नाही, भरल्या पोटाचा आहे. औषध वेगळं लागणार.

औषध माहीतही आहे. जमिनीत साडेतीन-चार फुटांवर भोकं पाडलेले पाइप ठरावीक अंतरानं पुरायचे, माती शिरू नये म्हणून त्यांना जाळीचं कापड गुंडाळायचं, ते सगळे एका मोठ्या पाइपला जोडायचे आणि त्याचं तोंड ओढ्याला काढायचं. वरनं चांगलं पाणी दिलं की क्षार विरघळून खाली उतरतात आणि पाइपातनं बाहेर पडतात. शिरोळच्या दत्त कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं हे काम तालुक्यात हाती घेतलं, शेतकऱ्यांना गोळा केलं, कर्जाची सोय लावली. ज्या रानात वीस-पंचवीस वर्षं बाभळी सोडून काही नव्हतं तिथं परत ऊस उभा राहिलेला मी बघून आलोय. लोक त्याला 'दत्त पॅटर्न' म्हणतात.

मग अडलंय कुठं? पैसा लागतो, आम्हाला सांगितलेला अंदाज एकरी लाख-सव्वा लाखाचा आहे. पण पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. पाणी आणायची पाइपलाइन ज्याच्या रानातनं जाते त्याला पाणी मिळतं, म्हणून तो ती जाऊ देतो. पाणी काढायची पाइपलाइन ज्याच्या रानातनं जाते त्याला काय मिळतं? वरच्याचं खारं पाणी आपल्या बांधावरनं जातंय एवढं समाधान! उंचावरचा म्हणतो माझं रान चांगलंय, मी का पैसे घालू. सखलातला म्हणतो तुमच्या पाण्यानंच माझं रान नासलं, आता वर वर्गणी पण मीच देऊ? दोघंही आपापल्या जागी बरोबर. ओढ्यापर्यंतच्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकदम 'हो' म्हटल्याशिवाय एकट्याला काही करता येत नाही.

आमचंच घ्या. आमच्या खालच्या रानापासून ओढा चारशे-साडेचारशे फुटांवर. मधे भावकीतल्या एका काकांचं रान. त्यांचं आमचं १९९८ पासून बांधावरून बोलणं नाही. लग्नाला अक्षता टाकायला येतात, जेवत नाहीत. कोल्हापुरातनं मी मारे आलेख पाठवीन, पण त्या साडेचारशे फुटांवर माझं कुठलंच ॲप चालत नाही.

इथवर मला वाटत होतं की दोष त्यांचा. शनिवारी जेवण झाल्यावर मी तलाठ्याकडच्या जुन्या गावनकाशाचा फोटो लॅपटॉपवर काढला आणि त्याच्यावर उपग्रहाचं चित्र बसवून बघत होतो. जुन्या नकाशात आमच्या आणि काकांच्या रानामधनं ओढ्याला जाणारी एक बारीक रेघ आहे. उपग्रहाच्या चित्रात ती रेघ नाही. मी आण्णांना विचारलं, हे काय?

आण्णांनी बराच वेळ पान जुळवलं. मग म्हणाले, "वगळ हुती तितं. चर म्हणायचो आमी. पावसाळ्यात भरून व्हायाची."

"मग गेली कुठं?"

"बुजवली. शाऐंशी-सत्त्याऐंशीला. ऊस लावायला." थोडं थांबून म्हणाले, "आमी आमच्या अंगची बुजवली, त्येनं त्येच्या अंगची बुजवली. दोन-दोन गुंठं वाढलं की."

दोन गुंठे! साडेतीन एकर त्या दोन गुंठ्यांत गेलं. आणि बुजवताना दोन्ही घरं एकत्र होती, हे विशेष. तेव्हा एकाच बैलजोडीनं काम झालं म्हणे.

मला वाटतं ही आमच्या एका घराची गोष्ट नाही. जुने ओढे, वगळी, चर असे किती बुजले असतील याचा कुणी हिशेब ठेवलेला नाही. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटर की ५२४.२५६ यावर आमच्या गावातलं शेंबडं पोरही भाषण करतं. कर्नाटकानं उंची वाढवू नये हे ठीकच, महापुराचा प्रश्न आहे. पण आपल्या बांधावरची चर कुठं गेली यावर गावात एकही सभा झालेली मला आठवत नाही. कर्नाटकाला शिव्या घालायला भाऊबंदाची परवानगी लागत नाही ना!

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे, की पाणी उचलायला ज्यांनी संस्था काढल्या त्याच संस्थांनी पाणी काढायचंही अंगावर घ्यावं. वेगळं महामंडळ नको, वेगळी योजना नको. सभासद तेच, शिवार तेच, पाटकरी तोच. पाणीपट्टीतच निचऱ्याचा आकार धरावा आणि तो उंचावरच्या-सखलातल्या सगळ्यांनी द्यावा, कारण उंचावरच्याचंच पाणी सखलात उतरतं. आणि नवीन पाइप पुरायच्या आधी नकाशावरच्या चरी मोकळ्या कराव्यात. एकरावरची पाणीपट्टी मोजून घेतलेल्या पाण्यावर गेली तर फारच उत्तम, पण पाळी वेळेवर मिळण्याची खात्री संस्थेनं आधी द्यावी, मगच शेतकऱ्याकडनं काटकसर मागावी. नाहीतर आण्णांचं गणित बदलणार नाही.

यात एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. पाइपातनं निघालेलं खारं पाणी ओढ्यातनं शेवटी नदीलाच जाणार. ती नदी आधीच अशी झालीय, की पंचगंगेच्या काठावरच्या कोल्हापूर शहरानं पन्नासहून जास्त किलोमीटर लांबनं, काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइन टाकून नोव्हेंबर २०२३ मध्ये पाणी आणलं. इचलकरंजीला आधी दानोळीतनं वारणेचं पाणी आणायचं ठरलं, तिथं विरोध झाला, मग सुळकूडमधनं दूधगंगेचं, तर तिथंही विरोध. त्यांच्या पाण्यात आमचं मीठ आणखी किती घालायचं? पुराच्या दिवसांत सोडलं तर वाहून जाईल असं जाणकार म्हणतात, पण उन्हाळ्यात काय, हा प्रश्न राहतोच. कुणी यातलं काम केलेलं असेल तर मला जरूर सांगा.

रान पड पडलं की नुसता ऊस जात नाही हे शेवटी सांगायचं राहिलं. उसाचं बिल सोसायटीच्या कर्जात जातं, घर चालतं ते म्हशींवर, दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलावर. म्हशींना घालायला उसाचं वाडं आणि बांधावरचं गवत. खालच्या रानात दोन्ही राहिलं नाही म्हणून दिवाळीत दादानं एक म्हैस विकली. वैनी त्याबद्दल काही बोलली नाही. चहा मात्र या वेळी पहिल्यांदाच कोरा मिळाला, म्हणाली सकाळचं सगळं दूध डेरीला गेलं.

रात्री निघताना दादा गाडीजवळ आला. "पैशाचं निम्मं मी बगतो, निम्मं तू बग," म्हणाला. मी हो म्हटलं. "पर काकांकडं कोण जाणार?"

दोघंही ओसरीकडं बघायला लागलो. आण्णा पानाची चंची बांधत होते. वर न बघता म्हणाले, "येत्या ऐतवारी यिऊ दे त्याला. आणि तो नकाशा कागदावर काढून आण. त्येला ल्यापटॉपमदलं दिसत न्हाई."

उद्या सकाळी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन मोठ्या कागदावर प्रिंट काढायचीय. चरीची रेघ निळ्या पेननं ठळक करून ठेवतो.